तीन ए वर्ग बी

आमच्या शाळेत बीजगणित शिकवलं जात नव्हतं, गायलं जात होतं. मी मराठी शिकवते, म्हणजे गाण्यावर कुणाचा हक्क असलाच तर तो माझा. पण माझ्या कविता पोरं जांभया देत म्हणायची आणि नरेंद्र सरांची सूत्रं बेंच वाजवून. "ए अधिक बीचा घन गो, बीचा घन! ए घन, तीन ए वर्ग बी, तीन ए बी वर्ग, बी घन गो, बी घन!" चाल गौरीच्या फेराची. आमच्याकडे गौरी आल्या की बायका अंगणात फेर धरतात, तीच. किन्हवलीच्या अलीकडे रस्त्याला लागूनच आमची शाळा. एसटी थांबली की आतली माणसं खिडकीतून माना काढून ऐकायची.

नरेंद्र सर मूळचे शेणव्याचे. आईवडील मजुरीला जायचे, आणि त्यांच्या वस्तीतून बी.एस्सी. झालेला पहिला माणूस म्हणजे हे. कपडे कडक इस्त्रीचे, बोलणं मऊ, आणि शाळेचं वेड असं की ताप आला तरी तो शाळेत येऊन काढायचे. ते रुजू झाले तेव्हा आमचा गणिताचा निकाल चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. त्याला पोरांची डोकी कारण नव्हती. लावणीला वर्ग अर्धा, कापणीला अर्धा, आणि दिवाळीनंतर काही घरं वीटभट्टीवर जायची ती पोरांसकट. आज कंस सोडवायला शिकलेला पोरगा उद्या बांधावर असायचा. सरांनी सुरुवातीला एकेक पद गुणून, खडू झिजवून सगळं समजावून बघितलं. दरवेळी समोर नवीच तोंडं. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की समजावलेलं पोरांच्या गैरहजेरीत बुडतं, गाणं बुडत नाही. शाळेत न आलेल्या पोराला ते आलेल्याकडून वाटेत मिळतं, आणि चिखलात वाकून रोपं लावतानाही म्हणता येतं.

निकाल चढला. तालुक्याचे साहेब मुद्दाम येऊन गाणं ऐकून गेले. शाळेत खिचडी शिजवणारी धोंडीबाई तांदूळ निवडताना तेच गुणगुणायची. तिला ए कोण आणि बी कोण हे ठाऊक नव्हतं. "नवराबायकोचं असंल," असं ती मला म्हणाली होती. गावोगावचे पालक सरांना वाटेत थांबवून नमस्कार करायचे, आणि खोटं कशाला बोलू, आम्हा बाकीच्या मास्तरलोकांच्या पोटात थोडं दुखायचंच.

या सगळ्यात एकदाच एका मुलीने हात वर केला. संघरत्ना तिचं नाव, केरू नावाच्या शेतकऱ्याची मुलगी. आठवीत होती. हे मी माझ्या कानांनी ऐकलं, कारण शेजारीच माझा सातवीचा वर्ग आणि मध्ये नुसत्या फळ्या ठोकलेल्या.

"सर, तीनच का? दोन का नाय, चार का नाय?"

वर्ग हसला. सरही हसले. त्या हसण्यात खोडसाळपणा नव्हता, घाई होती. "अगो, सूत्राला का विचारायचं नसतं," ते म्हणाले. "सूत्र म्हणायचं असतं. आवाज चांगला आहे तुझा. ये, पुढं ये. उद्यापासून तू म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं."

अशी ती गाण्याची म्होरकी झाली. पोरीला मान मिळाला आणि प्रश्न तिथंच मिटला. पुढे दहावीपर्यंत तिच्या तोंडून पुन्हा 'का' आला नाही.

दहावीला ती शाळेत पहिली आली. केरूने दुसऱ्याची जमीन खंडाने घेतली होती, तीत तो भेंडी लावायचा. त्याच्या वस्तीतून अजून कुणी सायन्सला गेलं नव्हतं. शहापूरच्या कॉलेजात तिचं नाव घातलं, तेव्हा पहिल्या दिवशी सर स्वतः तिच्याबरोबर गेले. संध्याकाळी स्टाफरूममध्ये येऊन सांगत होते, "वर्गात पहिल्या बाकावर बसली, बाई." सांगताना त्यांचा चेहरा असा होता की मी पहिल्यांदाच त्यांच्यासाठी चहा केला.

दिवाळी झाली. शाळा उघडल्यावर एके दिवशी केरू स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. चपला बाहेर काढलेल्या, हातात कोवळ्या भेंडीची पिशवी.

"जय भीम, सर."

"जय भीम. या, केरूभाऊ, आत या."

तो आत आला नाही. "सर, माफी करा. पोरीनं कॉलेज सोडलं. आमाला आता कळलं. रोज एसटीनं जायची, पण आत जायचीच नाय. तुमी एवढी मेहनत घेतलीत नि तिला डोकंच नाय निघालं. आमच्यातच नसंल ते, तिचा तरी काय दोष. पण तुमचं नाव घालवलं तिनं, म्हणून आलो."

सर उभेच राहिले. मलाच राहवलं नाही, मी म्हटलं, "अहो, इंग्रजीतून सगळं असतं तिथं. घाबरली असेल." केरू म्हणाला, "नाय बाई, इंग्रजीचं ती डिक्शनरी घेऊन करायची. गणित नाय येत मला, एवढंच बोलते. दुसरं तोंडच उघडत नाय." पिशवी टेबलावर ठेवून, आणखी एकदा हात जोडून तो गेला. एका बापाने मास्तरासमोर असे हात जोडलेले मला बघवत नव्हते.

त्याच संध्याकाळी एसटीची वाट बघताना बंटी भेटला. आमचाच माजी विद्यार्थी, शाळेत संघरत्नाच्याच वर्गातला आणि आता कॉलेजातही. सरांनी विचारलं, तसं त्याने तिखटमीठ लावून सांगितलं. पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या सरांनी नवी पोरं किती पाण्यात आहेत ते बघायला फळ्यावर ए अधिक बीचा चौथा घात लिहिला. संघरत्ना स्वतःहून उठली. घनाचं सूत्र आपलं आहेच, तेच पुढे ओढायचं, असं तिला वाटलं असणार. तिने फळ्यावर लिहिलं: एचा चौथा घात, अधिक तीन ए घन बी, अधिक तीन ए बी घन, अधिक बीचा चौथा घात. लिहिताना ओठ हलत होते, आणि चाल पहिल्या बाकापर्यंत ऐकू येत होती.

"मंग सर बोलले, ए नि बीच्या जागी एक-एक घाल. एक अधिक एक दोन, दोनाचा चौथा घात सोळा. आता तुझ्या उत्तरात घाल. तिनं घातलं, आठच आले. सर बोलले, बाकीचे आठ कुठं सांडले? सगळा वर्ग हसला, सर! मी पण हसलो, खोटं नाय बोलत."

"मग?"

"मंग त्यांनी विचारलं, हे गाणं कुणी शिकवलं. ती बोलली, शिकवलं बरोबर होतं, मीच चुकले."

एवढ्यात एसटी आली. मी चढले. सर चढले नाहीत. खिडकीतून बघितलं तर ते बाकावर तसेच बसलेले, भेंडीची पिशवी मांडीवर.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्यापुढे मन मोकळं केलं. "बाई, मला येत नव्हतं असं असतं तर बरं झालं असतं. मला येत होतं. तीन का, हे मला ठाऊक होतं. एका तासाचं काम होतं. मी निकालापायी ते टाळलं, आणि तिनं विचारलं तेव्हा तिला पुढं उभी करून गप्प केलं. आणि त्या पोरीनं तिथं माझं नावसुद्धा घेतलं नाही." डबा उघडलेला तसाच होता.

माझा स्वभाव तुसडा आहे. रडगाणं मला फार वेळ ऐकवत नाही. मी म्हटलं, "सर, हे मला सांगून काय उपयोग? मी काय कॉलेज सोडलंय? तिला जाऊन सांगा."

"तुम्ही येता बरोबर?" शाळेत वाघ असलेला माणूस हे असं विचारत होता.

रविवारी आम्ही गेलो. केरूचं शेत ओढ्याच्या कडेला. भेंडी खुडायचं काम सकाळचंच असतं, ऊन चढलं की माल सुकतो. संघरत्ना आणि तिची आई लक्ष्मी ओळींमधून चालत खुडत होत्या. भेंडीची लव हाताला खाजते म्हणून दोघींनी हातांत जुने पायमोजे घातले होते. बांधावर दोन क्रेट: एकात सरळ भेंडी, ती परदेशी जाते, दुसऱ्यात वाकडी, ती बाजारात. सरांना बघून पोरीने पटकन मोजे काढून पाठीमागे लपवले.

सरांनी नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. थेट म्हणाले, "संघरत्ना, तू मला विचारलं होतंस, तीनच का. आज सांगू?"

लक्ष्मीच म्हणाली, "सांगा ना सर, बसा."

ते बसले नाहीत. "या तीन ओळी बघ. तीन ओळी म्हणजे तीन कंस. प्रत्येक कंसात ए आहे आणि बी आहे. ए म्हणजे सरळ भेंडी, बी म्हणजे वाकडी. प्रत्येक ओळीतून एकच खुडायची, जास्त नाही. तिन्ही सरळ आणायच्या तर किती रीतींनी आणशील?"

"एकाच. तिन्ही ओळींतून सरळच घ्यायला लागंल."

"तो ए घन. आता दोन सरळ आणि एक वाकडी पाहिजे."

तिने ओळींकडे बघितलं. "वाकडी पयल्या ओळीतून घेतली तर बाकी दोन सरळ. नायतर दुसरीतून. नायतर तिसरीतून." आणि ती थांबली. "तीन."

"तीन ए वर्ग बी."

पोरगी जागची हलली नाही. मग तिने स्वतःच चौथ्या ओळीकडे बोट केलं. एक वाकडी असली तर चार रीती. दोन वाकड्या असल्या तर? ती बोटांनी ओळी जोडत गेली: पहिली-दुसरी, पहिली-तिसरी, पहिली-चौथी, दुसरी-तिसरी, दुसरी-चौथी, तिसरी-चौथी. "सहा. मंग परत चार, मंग एक. एक, चार, सहा, चार, एक." तोंडातल्या तोंडात बेरीज केली. "सोळा. सर, सोळा आले!" मलासुद्धा कळलं, आणि गणिताशी माझं शाळेपासून वाकडं आहे. तिचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. ती सरांकडे बघायला लागली आणि तिचे डोळे भरले.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मंग तेव्हा का नाय सांगितलंत?"

सरांनी सबब सांगितली नाही, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. लावणी, कापणी, गैरहजर पोरं, सगळं खरं होतं, पण त्यांनी त्यातलं काही काढलं नाही. "निकालासाठी," ते म्हणाले. "तुला सांगायचं तर सगळ्यांना सांगायला लागलं असतं. माझी चूक झाली. तू परत चल कॉलेजला. मी बोलतो तिथल्या सरांशी."

"मी नाय जाणार."

"अगो, आता तर आलं तुला!"

"हे एक आलं," ती म्हणाली. "पण मी दहावीपर्यंत जे जे म्हटलं, त्यातलं काय काय असं आहे ते मला कुठं ठाऊक? तिथं रोज कोणीतरी विचारणार, कुठं सांडलं. मी रोज काय सांगू?"

तेवढ्यात केरू ओढ्याकडून रिकामा क्रेट घेऊन आला. सरांना शेतात बघून त्याची धांदल उडाली, लक्ष्मीला म्हणाला चहा टाक. सरांनी त्याला थांबवलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पोरीने प्रश्न विचारला होता, मी उत्तर दिलं नाही, गाणं म्हणायला लावलं, त्यापायी ती तिथं पडली. तिचं डोकं चांगलं आहे, चूक माझी आहे.

केरूने ऐकून घेतलं आणि हसून मान हलवली. "सर, तुमी मोठ्या मनाचे. पोरीचा दोष अंगावर घ्यायला इथपर्यंत आलात. कोण करतं एवढं?"

"नाही हो, केरूभाऊ, खरंच..."

"राहू द्या, सर. तुमचे उपकार काय कमी हायेत आमच्यावर?"

सरांचा चेहरा मला बघवेना. माणूस आपली चूक पदरात घ्या म्हणून विनवतोय, आणि समोरचा ती घेतच नाही, उलट त्यालाच आणखी मोठा करतोय! ते पुन्हा पुन्हा सांगत होते आणि केरू पुन्हा पुन्हा हात जोडत होता. लक्ष्मीने डोळ्यांना पदर लावला. सर किती थोर, म्हणून.

"बाबा," संघरत्ना म्हणाली, "सर खरं बोलतात."

"तू गप गो."

"नाय गप. मी विचारलं होतं, यांनी नाय सांगितलं. आता सांगितलं, मला इथं उभ्या उभ्या कळलं. मला डोकं हाय, बाबा. तुमी सगळीकडं सांगत फिरता ना, नाय म्हणून? हाय."

केरूचे जोडलेले हात सुटले. त्याने एकदा पोरीकडे बघितलं, एकदा सरांकडे. सरांकडे असा सरळ तो इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बघत होता.

"असं असंल तर मंग परत शिकवा," तो म्हणाला. त्या वाक्यात 'सर' नव्हतं. "पयल्यापासून. जे जे तसं शिकवलंय ते सगळं." आणि त्याने पोरीच्या हातातले मोजे काढून घेऊन स्वतःच्या हातांत चढवले.

घरी परतताना रिक्षात सर म्हणाले, "बाई, आज जरा बरं वाटलं." पोरीचं वर्ष तर गेलंच होतं. हजेरीच नव्हती, आता जूनशिवाय दार उघडणार नव्हतं.

पण उन्हाळ्याची सुट्टी लागेपर्यंत ती रोज दुपारी आमच्या शाळेत आली. खुडणी आटपून, हात धुऊन आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. एवढी मोठी मुलगी त्या चिमुरड्यांत. सरांनी आठवीचं गाणं बंद केलं आणि कंस सोडवायला पहिल्यापासून घेतलं. ती मागून विचारायची, "का?" आणि सर सांगायचे. हळूहळू बाकीची पोरंही विचारायला लागली. अभ्यासक्रम रखडला, तो रखडलाच. गैरहजर पोरांचं पुन्हा पुन्हा घ्यावं लागायचं, सरांचा आवाज बसायचा. दहावीलाही तसंच शिकवावं असं त्यांच्या मनात होतं. पण मुख्याध्यापकांनी हात जोडले. "नरेंद्र सर, बोर्ड तोंडावर आलंय. दहावीला हात लावू नका. निकाल पडला तर मला वर तोंड दाखवता यायचं नाही." सरांनी एक दिवस विचार केला आणि दहावीला हात लावला नाही. त्या वर्षीही निकाल उत्तम लागला.

जूनमध्ये संघरत्ना पुन्हा अकरावीत बसली, आपल्याहून एका वर्षाने लहान मुलांबरोबर. पहिल्या आठवड्यातली गोष्ट. मधली सुट्टी होती, सरांचा फोन वाजला. तिचा आवाज मुळातच मोठा, शेजारी बसून मला सगळं ऐकू येत होतं.

"सर, आज कॉलेजच्या सरांनी परत चौथा घात लिहिला. मला नाय उठवलं, मला येतं ते त्यांना कळलंय."

"मग छान झालं की!"

"ओमकारला उठवलं, सर. आपल्या शाळेचा, यंदाचा. मंग भाग्यश्रीला. दोघांनी तीन-तीनच लिहिलं."

सर उठून उभे राहिले.

"हसले सगळे?"

"हसले. आता दोघं एसटी स्टँडवर आहेत. उद्यापासून येणार नाय बोलतात. मी त्यांना पकडून बसवलंय. त्यांना काय सांगू, सर? तुमची चूक होती असं मी सांगू, का तुमी येऊन सांगता?"

"मी येतो," सर म्हणाले. "मी येईपर्यंत त्यांना गाडीत बसू देऊ नको."

पुढचा तास त्यांचा होता. मुख्याध्यापकांना विचारायलाही ते थांबले नाहीत. मी म्हटलं, वर्ग मी बघते. फाटकापर्यंत मी बरोबर गेले. रस्त्यावर उभे राहून ते शहापूरच्या गाडीची वाट बघत होते, आणि एकदम माझ्याकडे वळले.

"बाई, याच्या आधीच्या वर्षांची पोरं," ते म्हणाले, "त्यांना स्टँडवर कोणी बसवून ठेवलं असेल?"

गाडी वळणावर दिसली, म्हणून मी तिला हात केला.